संपादन आणि जतन

न्हावा, शेवा, जासई, उरण या पट्ट्यात 'संपादन' हा शब्द उच्चारून बघा. कुणालाही वर्तमानपत्राचा संपादक आठवणार नाही, आठवेल ती जमीन. भूसंपादन, संपादित क्षेत्र, संपादनाचा मोबदला... पन्नासेक वर्षं हा शब्द आमच्याकडे याच अर्थाने नांदतो आहे. आता गंमत बघा, कीबोर्डवर (संगणकाच्या नव्हे, वाजवायच्या) 'एडिट' नावाचं एक बटण असतं. त्याचंही मराठी संपादनच! आणि त्याच्या जवळपास 'राइट' किंवा 'सेव्ह' लिहिलेलं दुसरं बटण असतं, ते म्हणजे जतन.

या दोन बटणांच्या निमित्ताने थोडा इतिहास लिहायचा बरेच दिवस मनात होता. ढोलकी, ताशा, ढोल यांचे आवाज सिंथेसायझरमध्ये कसे पोचले, कुणी पोचवले आणि तिथे ते टिकतात का, हा विषय. थोडा तांत्रिक आहे, पण हळदीच्या मांडवात एकदा तरी नाचलेल्या कुणालाही कळावा असा लिहायचा प्रयत्न करतो.

आधी यंत्राच्या अगोदरचे आवाज. आगरी लग्नात धवलारीण धवला म्हणते, तो तिच्या गळ्यावरच चालतो. त्यानंतर मांडवात येते सनई आणि तिच्या मागचा ताल. दक्षिणेकडे, म्हणजे खालच्या रायगडात आणि रत्नागिरीत, शिमग्याला खालू बाजा वाजतो. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला ढोलकी आणि ताशा. नाव जरी एकच 'ढोलकी' असलं तरी ती प्रत्येक गावात वेगळी बोलते. डाव्या हाताचा घुमारा कुणी लांबवतो, कुणी तोडतो. शाईच्या बाजूची थाप कुणाची कडक, कुणाची पसरट. ताशाचं तर विचारूच नका. कातडं उन्हात किंवा जाळावर तापवलं की सूर चढतो, दमट हवेत पुन्हा उतरतो. पावसाळ्यातला ताशा आणि फाल्गुनातला ताशा ही दोन वेगळी वाद्यं म्हणायला हरकत नाही. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते हातात होतं, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं.

बाहेरचं वाद्य येऊन आपलंसं होणं हेही किनाऱ्याला नवं नाही. आपण ज्याला बँजो म्हणतो त्याचंच बघा. अमेरिकन बँजोशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. ते मूळचं जपानी वाद्य, ताइशोगोतो. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते बनवलं. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, म्हणजे ज्याला सूर लावता येत नाही त्यालाही कळ दाबून सूर मिळावा. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं आणि मुंबई-कोकणात बँजो. मग त्याला विजेचा पिकअप लागला, भोंगे लागले, मागे ताशे-ढोल आले आणि 'बँजो पार्टी' ही संस्था उभी राहिली. रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला तो याच मंडळींवर. सांगायचा मुद्दा असा, की कीबोर्ड यायच्या कितीतरी आधी एक जपानी कळांचं वाद्य आपल्या वरातीत नाचत होतं, आणि ते जपानी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता बंदर. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची. ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या. पुढचं घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. शेवा आणि हनुमान कोळीवाडा ही गावं बंदरासाठी उठली. कोळीवाडा उरणजवळ नव्या जागी वसवला, तर तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा पुनर्वसन मागायची पाळी आली. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. जिथे मिठागरं आणि भातखाचरं होती तिथे क्रेन उभ्या राहिल्या. पुढे बरीच वर्षं हे देशातलं पहिल्या क्रमांकाचं कंटेनर बंदर होतं.

बंदराचा आणि ढोलकीचा काय संबंध, असं विचाराल. संबंध सीमाशुल्काच्या पुस्तकात आहे. त्यातलं ९२वं प्रकरण वाद्यांचं. शीर्षक ९२०६ म्हणजे तालवाद्यं : ढोल, झांजा, माराका वगैरे. त्याच्या लगेच खाली ९२०७, म्हणजे ज्यांचा आवाज विजेवर निघतो किंवा विजेने मोठा करावा लागतो ती वाद्यं. कीबोर्ड यात. म्हणजे कागदावर ढोलकी आणि कीबोर्ड सख्खे शेजारी, मध्ये फक्त एक ओळ. आधी परदेशी कीबोर्ड म्हणजे सिंगापूर-दुबईहून कुणीतरी हातात घेऊन यायची चीज होती. १९९१नंतर आयात सैल होत गेली, आणि जपानी कंपन्यांचा चीन-इंडोनेशियात बनलेला माल समुद्रमार्गे पश्चिम भारतात यायचा तर मोठा दरवाजा न्हावा शेव्याचाच. ज्या जमिनीवर ताशा तापवला जायचा त्या जमिनीवरून ९२०७चे खोके उतरायला लागले, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण त्या खोक्यात काय होतं? यासाठी थोडं मागे जाऊ.

यंत्राने ढोल वाजवायचा म्हटलं तर दोन रस्ते आहेत. एक, विजेच्या लहरींपासून ढोलासारखा आवाज घडवायचा. दुसरा, खऱ्या ढोलाची थाप मुद्रित करून ती चिपमध्ये ठेवायची आणि कळ दाबली की वाजवायची. दोन्ही रस्त्यांचे म्होरके एकाच वर्षी, १९८० साली, बाजारात आले. पहिल्या रस्त्यावर रोलँड कंपनीचं टीआर-८०८, दुसऱ्या रस्त्यावर अमेरिकेतल्या रॉजर लिन यांचं एलएम-१. लिनच्या यंत्रात १२ आवाज होते, पण झांज नव्हती. कारण झांजेची आस लांब, आणि तेव्हा चिपवरची जागा सोन्याच्या भावाची! आवाज बदलायचा म्हणजे चिपच उपटून दुसरी बसवायची. ८०८चं याच्या उलट. त्यात तुम्ही रचलेला ठेका लक्षात राहायचा, पेन्सिल सेलच्या जोरावर. पण ढोलाचा आवाज कसा लावला होता ते लक्षात राहायचं नाही. बटणं फिरवून मनासारखा आवाज जमला, की त्या बटणांच्या खुणा कागदावर काढून ठेवायच्या. जतन म्हणजे कागद-पेन्सिल.

हे ८०८ मुंबईत लवकर आलं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली एक तबकडी केली, तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'डिस्को ठेक्यावर दहा राग'. हाताशी रोलँडची तीन यंत्रं : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि हे टीआर-८०८. तेव्हा ती फारशी कुणी विकत घेतली नाही. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झालं, कारण शिकागोत पुढे 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जे गाजलं त्याच्याशी तिचं फारच साम्य होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राग दहा, पण ठेका धरायला तबला नाही. असणार कुठून? ८०८मध्ये टॉम होते, खटका इकडचा तिकडे केला की त्याच टॉमचा काँगा व्हायचा, पण तबला नव्हता. यंत्रात जे आहे त्यातच भागवायचं, ही आपली सुरुवात.

काँगा-बोंगो मात्र मुंबईला परके नव्हते. कावस लॉर्ड नावाचे पारशी वादक होते, त्यांनी ही लॅटिन अमेरिकन तालवाद्यं हिंदी सिनेमात रुळवली. त्यांचेच चिरंजीव केरसी लॉर्ड यांनी १९७०च्या दशकात सिंथेसायझर आणला. म्हणजे बापाने काँगा आणला आणि मुलाने ते यंत्र आणलं ज्यात पुढे काँगा कोंबला गेला. एका घरात केवढा इतिहास!

आता येतं १९९१ साल. वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलावेत म्हणून १९८३मध्ये 'मिडी' नावाची भाषा आलीच होती. पण एका यंत्रावर बसवलेलं गाणं दुसऱ्यावर लावलं तर बासरीच्या जागी ट्रंपेट वाजायचा, ढोलाच्या जागी घंटा. म्हणून १९९१मध्ये 'जनरल मिडी' हे प्रमाण ठरलं. सुरांचे १२८ आवाज, प्रत्येकाचा क्रमांक कायमचा. तालवाद्यांना दहावी वाहिनी राखीव, आणि त्यात प्रत्येक कळीला एक वाद्य : ३६ क्रमांकाची कळ म्हणजे बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडी. ३५ पासून ८१ पर्यंत, एकूण ४७ आवाज. पुढे निघालेल्या जवळजवळ प्रत्येक कीबोर्डमध्ये हीच यादी आहे. तुमच्या घरातल्या मुलाच्या कीबोर्डवर सुद्धा.

ही यादी वाचण्यासारखी आहे. बोंगो दोन, काँगा तीन, टिंबाले दोन, अगोगो दोन, माराका, कबासा, ग्विरो दोन, क्लाव्हे. शिट्ट्यासुद्धा दोन, एक आखूड आणि एक लांब! ब्राझीलमध्ये कुइका नावाचं वाद्य आहे, त्याच्या आतली काडी घासली की ढोल हुंकार देतो. त्याला दोन जागा, दाबलेला आणि उघडा. आणि आपला तबला? नाही. ढोलक? नाही. ढोलकी, ताशा, संबळ, हलगी? अर्थातच नाही. बरं, भारत या यादीत अजिबात नाही असंही नाही. सुरांच्या यादीत १०५व्या क्रमांकावर सतार आहे, ११२व्या क्रमांकावर शहनाई आहे. ११७वर जपानी टायको ढोल आहे. म्हणजे मांडवातली सनई आत गेली, पण तिच्या मागे वाजवणारे बाहेर राहिले.

यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. यादी करणारे जपानचे आणि अमेरिकेचे. त्यांच्या कानावर जे पॉप संगीत होतं त्यात काँगा होता, ढोलकी नव्हती. पण यादीची एक ताकद असते. सातबारावर नाव नसेल तर पिढ्यानुपिढ्या जमीन कसूनही उपयोग नाही, हे आपल्या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून संप केला तो शेवटी याचसाठी, की कुळाची कुठेतरी कायद्याने नोंद व्हावी. यादीत नसलेल्याला यादीत शिरायला वेळ लागतो.

आपल्या वादकांनी यादी बदलायची वाट बघितली नाही. त्यांनी 'एडिट' दाबलं.

हे नेमकं कसं करतात ते सांगतो, कारण खरी कारागिरी इथे आहे. सिंथेसायझरमध्ये तालवाद्यांचा जो संच असतो (ड्रम किट म्हणा) त्यात प्रत्येक कळीखाली वेगळा आवाज असतो, आणि चांगल्या यंत्रात प्रत्येक कळीचे गुणधर्म वेगवेगळे बदलता येतात. सूर वर-खाली करता येतो. आवाज किती लवकर विरावा ते ठरवता येतं. त्याची धार कमी-जास्त करता येते. डावीकडून यावा की उजवीकडून, घुमावा की कोरडा राहावा, हेही. आता समजा ढोलकी हवी आहे. डाव्या बाजूसाठी खालचा काँगा घेतला आणि पाच-सहा स्वर खाली उतरवला. उतरवला की तो लांबतो आणि ढब्ब होतो, म्हणून त्याची आस कापली. उजव्या बाजूसाठी वरचा बोंगो घेतला, जरा चढवला आणि धार वाढवली. झाली का ढोलकी? नाही. ही फक्त दोन ढोलांची जोडी झाली.

ढोलकीचा जीव आहे डाव्या हाताच्या घिश्शात. थाप पडल्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की सूर खालून वर चढतो. त्यासाठी यंत्रात सुराला चढाव द्यावा लागतो, म्हणजे थापेच्या क्षणी सूर खाली आणि पाव सेकंदात वर. किती खाली आणि किती वेगाने, यात सगळी गंमत. थोडा कमी झाला तर काँगाच राहतो, थोडा जास्त झाला तर कार्टूनमधल्या उडीचा आवाज येतो. मग तीन कळांवर तीन डावे ठेवायचे : एक सरळ, एक चढणारा, एक दाबून बंद केलेला. आणि या तिघांना एकाच गटात बांधायचं, म्हणजे एक वाजला की आधीचा तिथेच तुटेल. ही सोय मुळात हायहॅटसाठी केलेली. पायाने झांज बंद केली की उघड्या झांजेचा आवाज थांबायला हवा ना, त्यासाठी. पण ढोलकीलाही हात एकच आणि कातडं एकच. घुमारा चालू असताना दुसरी थाप पडली तर पहिला घुमारा मरायलाच हवा. हे ज्याने पहिल्यांदा ओळखून तो गट लावला असेल तो यंत्र समजणारा तर होताच, पण त्याहून जास्त ढोलकी समजणारा होता.

ताशा तर आणखी अवघड. काड्यांची कडकड इतकी जलद असते की एकच मुद्रित थाप पुन्हा पुन्हा वाजवली तर मशिनगनसारखी ऐकू येते, कारण माणसाच्या दोन थापा कधीच हुबेहूब सारख्या नसतात. उपाय म्हणजे शेजारशेजारच्या दोन कळांवर तोच आवाज ठेवायचा, पण एक किंचित चढा, एक किंचित उतरता, आणि दोन बोटांनी आळीपाळीने वाजवायचा. डावी काडी, उजवी काडी. जुन्या ताशेवाल्याने जे हाताने केलं तेच.

याला जोडून ऑक्टापॅडचा उल्लेख केलाच पाहिजे. रोलँडने १९८५मध्ये पॅड-८ काढलं : आठ रबरी चौकोन, काडीने वाजवायचे. गंमत म्हणजे त्याच्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. थाप घ्यायची आणि तारेतून दुसऱ्या यंत्राला कळवायचं, एवढंच त्याचं काम. पोटात आवाज असलेली एसपीडी मालिका नंतरची. त्यातलं १९९८च्या सुमाराचं एसपीडी-२० भारतात इतकं चाललं की बँजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, कव्वाली, सगळीकडे तेच. ७०० आवाज, आणि स्वतः लावलेल्या ९९ मांडण्या ठेवायची सोय. जपानी कारखान्याने ते ड्रम वाजवणाऱ्यांसाठी बनवलं असेल, आपल्याकडे ते ढोलकी-ढोलक-ताशा-हलगीची मोळी झालं. वरातीच्या टेम्पोवर एका माणसाने सहा माणसांचं काम करायचं. यात सहापैकी पाचांचा रोजगार गेला हेही खरं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या सहाव्याने पाचांचे हात लक्षात ठेवून आठ चौकोनांत बसवले, हेही तितकंच खरं.

संपादन झालं. आता जतन.

बहुतेक सिंथेसायझरमध्ये एडिट करताना तुम्ही मूळ आवाजाला हात लावतच नाही. यंत्र त्याची एक नक्कल तात्पुरत्या जागेत काढतं आणि तुम्ही त्या नकलेवर काम करता. दुसरा आवाज निवडलात किंवा वीज गेली, की नक्कल पुसली जाते. उरणच्या मांडवात वीज जाणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे! म्हणून 'राइट' दाबायचं. यंत्र विचारतं : कुठे ठेवू? तुम्ही 'यूजर' विभागातला एक क्रमांक निवडता. तिथे आधीचं काही असेल तर ते कायमचं जाणार. मग ते नाव विचारतं. दहा-बारा अक्षरांची जागा, तीही रोमन लिपीत. आणि शेवटी विचारतं : नक्की? जमिनीच्या संपादनात हा शेवटचा प्रश्न कुणी इतक्या सौजन्याने विचारल्याचं ऐकिवात नाही. असो.

आवाज लक्षात ठेवणारा पहिला नावाजलेला सिंथेसायझर म्हणजे १९७८चा प्रॉफेट-५. त्याआधी सगळं कागदावर. नंतर १९८०च्या दशकात आवाज कॅसेटवर उतरवायची सोय आली. टेप लावायची, यंत्र किरकिर आवाज करत आपली सगळी माहिती टेपला सांगायचं, परत हवी तेव्हा टेप वाजवून यंत्राला ऐकवायची. मग मेमरी कार्डं आली, फ्लॉपी आली. कॉर्गच्या १९८८च्या एम-१ मध्ये कळीकळीने स्वतःचं ड्रम किट बांधायची सोय होती, आणि चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून मेमरीला कुलूपही होतं. रोलँडच्या जेव्ही आणि एक्सपी यंत्रांत वरून आवाजांचं कार्ड बसवता यायचं. त्यातल्या एकाचं नाव होतं 'एशिया'. अख्खा आशिया खंड ८ एमबीत!

पण त्या पिढीच्या बहुतेक यंत्रांची एक मेख होती. तुम्ही जपलेले आवाज ज्या मेमरीत राहायचे ती बंद यंत्रातही जिवंत ठेवायला आत एक नाण्याएवढा सेल असायचा, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळात-कॅलक्युलेटरमध्ये असतो तसलाच. पाच-दहा वर्षं चालतो. एक दिवस पडद्यावर 'बॅटरी लो' येतं. वाजवणारा माणूस लग्नसराईत, तो म्हणतो नंतर बघू. आणि मग एक दिवस यंत्र सुरू होतं, व्यवस्थित वाजतं, काँगा-बोंगो-अगोगो सगळे जागच्या जागी. फक्त ढोलकी नाही. कंपनीने दिलेलं सगळं शाबूत, कारण ते कायमच्या चिपमध्ये कोरलेलं. आपण बनवलेलं तेवढं गेलं.

मला ही गोष्ट फार लागते. कारखान्याचे आवाज सेलवर अवलंबून नव्हते, आपले होते.

म्हणून जतनाची दुसरी पद्धत चालली, ती म्हणजे देवाणघेवाण. एकाने बनवलेलं किट दुसऱ्याच्या फ्लॉपीवर, तिसऱ्याच्या पेनड्राइव्हवर. एसपीडी-२०ला तर ना फ्लॉपी ना यूएसबी. मिडीच्या तारेतून सगळी माहिती बाहेर काढता यायची खरी, पण ते किती जणांना ठाऊक? वहीत आकडे लिहून घ्यायचे : पॅड तीन, आवाज अमुक, सूर उणे चार, आस उणे दहा. १९८०च्या कागद-पेन्सिलीवरच परत आलो म्हणायचं. पण त्या वहीतली ढोलकी सेल मेल्याने मेली नाही. २०१०च्या एसपीडी-३०ला यूएसबी आली तेव्हा हा वह्यांचा जमाना संपत गेला.

दरम्यान कंपन्यांनाही बाजार दिसला. अरबी देशांसाठी यामाहाने पीएसआर-ए अशी वेगळी मालिका काढली होती, तशीच भारतासाठी पीएसआर-आय आली : आय-४२५, आय-४५५, पुढे आय-५००. कॅसिओने मॉडेलच्या नावापुढे 'आयएन' लावून सीटी-एक्स८०००आयएन, सीटी-एक्स९०००आयएन काढले. रोलँडच्या एक्सपीएस-१० मध्ये भारतीय आवाज आले, आणि स्वतः मुद्रित केलेला आवाज पेनड्राइव्हवरून आत घ्यायची सोयही आली. आता मोबाइलवर खरा ताशा टिपा आणि दहा मिनिटांत कळीखाली ठेवा. यामाहाने तर चेन्नईजवळ कारखाना काढला, म्हणजे काही कीबोर्डांना आता आपलं बंदर बघायचीही गरज उरली नाही.

म्हणजे प्रश्न सुटला? अर्धा. कंपनीच्या चिपमध्ये आता 'ढोलकी' आहे, पण ती एकच आहे. कुठल्यातरी स्टुडिओत, कुठल्यातरी उत्तम वादकाने, एका दिवशी वाजवलेली. तीच आता कारंज्याच्या गाण्यात, तीच कोल्हापूरच्या लावणीत, तीच इंदूरच्या भजनात. यादीत नसण्याचा काळ वाईट होता, पण त्या काळात काँगा उतरवून ढोलकी करणारा प्रत्येक जण स्वतःच्या कानातली ढोलकी शोधत होता. त्यामुळे दहा जणांची दहा किटं दहा तऱ्हांची होती. आता बटण दाबलं की तयार, मग एडिट कशाला दाबायचं? ज्याची नोंद झाली ते सुरक्षित झालं हे खरं, पण ज्याची नोंद झाली नाही ते आता पहिल्यापेक्षा लवकर विसरलं जाणार. यंत्रातली ढोलकी ऐकून वाढलेल्या पोराला गावातल्या म्हाताऱ्याची ढोलकी 'बेसूर' वाटेल, त्या दिवशी जतन नव्हे, पुन्हा संपादनच झालेलं असेल. दुसऱ्या अर्थाचं.

आणि ती किटं बनवणारे? त्यांची नावं कुठे नाहीत. कोळीगीतांच्या कॅसेटवर गायकाचं नाव असायचं, गीतकाराचं असायचं, क्वचित संगीत संयोजकाचं. 'ढोलकीचा आवाज कुणी लावला' असा रकानाच नव्हता.

म्हणून आमच्या नात्यातल्या आणि गावातल्या वाजवणाऱ्या पोरांना जाहीर विनंती. एक, यंत्रातल्या यूजर विभागाची नक्कल आजच काढा, लग्नसराई संपायची वाट बघू नका. जुना कीबोर्ड असेल तर माहिती बाहेर काढल्यावर मगच तो सेल बदलून घ्या. आधी सेल काढलात तर सगळं गेलं म्हणून समजा. दोन, नाव देताना 'यूजर ७' असं सोडू नका. दहा अक्षरं मिळतात ना? गावाचं नाव घाला, ज्याची ढोलकी मनात धरून बनवली त्याचं नाव घाला. तीन, ज्यांचे हात अजून चालतात त्यांच्याकडे जा. ताशा तापवण्याआधी आणि तापवल्यावर, दोन्ही टिपून घ्या. घुमारा एकटा टिपा, मग ठेक्यात टिपा. आणि जी बाई धवला म्हणते तिच्या मागे कृपा करून ठेका लावू नका. तिला तशीच टिपा.

जुन्या फ्लॉप्या, आकड्यांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. घरं हलली, देवळं हलली, सगळं हलवून पुन्हा वसवायची आपल्याला सवय आहे. आवाज हलवायचे तर आधी ते कुठेतरी लिहिलेले पाहिजेत, एवढंच.